झाड कधी पाडायचं?

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या कुठल्याही जुन्या गावात जा, 'एल्म स्ट्रीट' नावाचा एखादा रस्ता हमखास सापडतो. पण त्या रस्त्यावर एल्मचं झाड शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. आपल्याकडे कसं, वडगावात वड नसला तरी नावात उरलेला असतो, तसंच हे. आमचं मॅसॅच्युसेट्समधलं गावही त्याला अपवाद नाही.

हे एल्म गेले कुठे, हे शोधायला मला आमच्या घरामागच्या मेपलने भाग पाडलं. खोडाच्या बुंध्याशी बुरशीची छत्री उगवली, आणि झाड ठेवायचं की पाडायचं हा प्रश्न उभा राहिला. उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न अमेरिकेला गेली शंभर वर्षं छळतो आहे.

अमेरिकन एल्मच्या फांद्या फुलदाणीसारख्या वर जाऊन बाहेर झुकतात. रस्त्याच्या दुतर्फा लावले की वर एकमेकांना भिडून मांडवच होतो. म्हणून गावोगावी एकाच जातीची झाडं रांगेने लावली गेली. १९३० साली ओहायोमध्ये 'डच एल्म' रोग सापडला. रोग मुळात हॉलंडचा नव्हे; डच शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात त्याचा छडा लावला म्हणून हे नाव चिकटलं. फर्निचरच्या व्हिनीयरसाठी युरोपातून आणलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून ही बुरशी अमेरिकेत आली. सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. शिवाय शेजारशेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडलेली असतात, त्यातूनही ती सरकते. म्हणजे जी रांग शोभेची, तीच घातक ठरली. त्यातच २१ सप्टेंबर १९३८ रोजी न्यू इंग्लंडवर प्रचंड चक्रीवादळ आलं. असंख्य झाडं आडवी झाली, आणि पडलेल्या एल्मच्या लाकडात भुंगेऱ्यांना आयतं घर मिळालं.

या रोगाने एक कठोर धडा दिला. आजारी झाड लवकर पाडून नष्ट केलं तर शेजारची वाचण्याची शक्यता असते. "बिचारं अजून हिरवं आहे, राहू दे" म्हणत थांबलं, तर सगळी रांग जाते. ज्या गावांनी वेळेवर करवत चालवली, त्यांचे एल्म जास्त वर्षं टिकले. झाडं वाचवायची तर झाड पाडावं लागतं, हे गळी उतरणं सोपं नव्हतं.

मेन राज्यातल्या यारमथ गावचे वृक्षाधिकारी फ्रँक नाइट १९५६ साली या कामाला लागले. एल्म एकामागून एक जात होते, आणि सगळे वाचवणं अशक्य होतं. मग त्यांनी एका थोराड एल्मवर सगळा जीव लावला. गावकऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'हर्बी'. पुन्हा पुन्हा रोग लागायचा, आणि नाइट रोगट फांद्या छाटून, औषध देऊन त्याला जगवायचे. असं पन्नास वर्षं चाललं. शेवटी रोग हाताबाहेर गेला आणि जानेवारी २०१० मध्ये हर्बीला पाडलं. कड्या मोजल्या तर वय निघालं २१७. ते झाड पाडण्याला संमती देताना नाइट १०१ वर्षांचे होते! २०१२ साली ते गेले, तेव्हा त्यांची शवपेटी हर्बीच्याच लाकडाची होती.

याच्या उलट टोकाची गोष्ट व्हाइट हाउसच्या अंगणातली. तिथलं मॅग्नोलिया राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने आपल्या दिवंगत पत्नीच्या आठवणीसाठी लावलं, असं परंपरेने सांगतात. १९७०च्या दशकात त्याच्या पोकळीत चक्क काँक्रीट भरलं. तेव्हा तो वेडेपणा नव्हता. दंतवैद्य दात भरतात तसं झाडाची पोकळी साफ करून सिमेंट भरायचं, ही या देशात कित्येक दशकं चाललेली पद्धत होती. पण झाड वाऱ्यात वाकतं, काँक्रीट वाकत नाही. १९८०च्या दशकात ते काढलं, पण आतलं नुकसान भरून येणारं नव्हतं. मग खांब आणि तारांचा टेकू आला. २०१७ साली त्याचा मोठा भाग छाटला आणि एप्रिल २०२५ मध्ये उरलेलं झाडही काढलं. त्याच वंशाचं रोप तिथे लावलं आहे.

सिमेंटचा हा प्रकार थांबला त्यात अ‍ॅलेक्स शायगो या माणसाचा मोठा वाटा. १९५९ पासून अमेरिकेच्या वनखात्यात काम करताना त्याने हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आत पाहिली. त्याने १९७७ साली मांडलेला निष्कर्ष असा, की माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंती बांधून कुजका भाग कोंडून टाकतं आणि बाहेर नवं लाकूड वाढवतं. पोकळी खरवडून साफ करणं म्हणजे झाडाने बांधलेली तटबंदी आपणच फोडणं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पोकळ झाड म्हणजे पोकळ नळी. वाकण्याला विरोध करणारी ताकद मुख्यतः बाहेरच्या कडेला असते. त्रिज्येचा ७० टक्के भाग आतून गेला, तरी हिशोबाने ताकद जेमतेम २४ टक्के घटते. जर्मनीतल्या क्लाउस मॅटहेक यांनी पडलेली आणि उभी झाडं मोजून ठोकताळा दिला: निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांखाली गेली की सावध व्हा. म्हणजे "झाड पोकळ आहे, पाडा" हेही चूक आणि "पानं हिरवीगार आहेत, ठेवा" हेही चूक. शिवाय खाली काय आहे हे महत्त्वाचं. रानात पोकळ झाड घुबडाचं घर असतं. तेच घराच्या छपरावर झुकलं की धोका.

आता आमचा मेपल. हा नॉर्वे मेपल, म्हणजे एल्म गेल्यावर रिकाम्या जागा भरायला गावोगाव लावलेली जात. शेजारच्या आजीबाई नव्वदीला टेकल्यात; त्यांना तो लावलेला आठवतो. आता ही जात रानात पसरून स्थानिक झाडांना मागे रेटते, म्हणून २००९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या विक्रीलाही बंदी आहे. या जातीची आणखी एक खोड म्हणजे मुळंच गोल फिरून स्वतःच्या बुंध्याला फास लावतात.

झाडांच्या जाणकाराने बारीक सुईसारख्या ड्रिलने खोड तपासलं. त्रिज्या ४० सेंटिमीटर, आणि घराच्या बाजूला चांगलं लाकूड फक्त ९. फास होताच. खाली मुलीची खोली.

आपल्याकडे १९७५च्या कायद्यामुळे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड पाडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा आहे. इथे १८९९ पासून प्रत्येक गावात वृक्षाधिकारी नेमतात आणि रस्त्याकडेचं सार्वजनिक झाड पाडण्याआधी जाहीर सुनावणी होते. आमच्या अंगणातल्या झाडाला मात्र कुणी विचारत नाही. सगळा निर्णय आमचा. परवानगीची फाईल अडकली की पावसाळ्याने निकाल लावण्याची वाट पाहणारे लोक मी मुंबईत पाहिलेत. इथे फाईल नाही, म्हणून टाळायला सबबही नाही.

आजीबाईंना आधी जाऊन सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या आधी तिथे एल्म होता. तो पाडला तेव्हा आई रडली होती."

येत्या महिन्यात मेपल पाडतोय. बुंधा घराजवळ नाही तिथे उभाच ठेवणार, दहा-बारा फुटांचा, सुतार पक्ष्यांसाठी. आणि घरापासून लांब एक इथलाच ओक लावणार. कधीतरी तोही म्हातारा होईल, आणि हा प्रश्न तेव्हा इथे राहणाऱ्याला पडेल. त्याच्यासाठी लावल्याची तारीख आणि जात लिहून घराच्या कागदांत ठेवणार आहे.