अनंत वस्तुमानाचा टॉप

एकाच टकरीतून दोन हिग्ज बोसॉन निघण्याचं गणित पहिल्या पायरीलाच किचकट आहे. टकरणाऱ्या ग्लुऑनला वस्तुमान नाही, त्यामुळे हिग्जचा त्याच्याशी थेट संबंध येत नाही. मध्ये टॉप क्वार्कचं वलय लागतं. दोन्ही हिग्ज वलयातूनच निघतात, किंवा एकच निघतो आणि पुढे त्याचे दोन होतात. ही दुसरी वाट मोलाची, कारण हिग्जचं हिग्जशीच असलेलं नातं तिच्यातून मोजता येतं. पण दोन्ही वाटा एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. सर्नच्या एलएचसीमध्ये हजार एकटे हिग्ज जन्मले तरी जोडी एकही पदरात पडेलच असं नाही.

1988 साली ग्लोव्हर आणि फान डर बाय यांनी ही पहिली पायरी टॉपच्या खऱ्या वस्तुमानासह मांडली. पुढच्या पायरीवर, प्रबळ बलाची दुरुस्ती धरताना, वलयं दोन होतात आणि गाडं अडतं. 1998 मध्ये डॉसन, डिटमायर आणि श्पिरा यांनी जुनी युक्ती वापरली: टॉप अनंत जड समजायचा. मग त्याचं वलय आक्रसून बिंदू होतं. उत्तर पहिल्या अंदाजाच्या दुपटीच्या घरात गेलं. याच निबंधात त्यांनी अतिसममितीतल्या जादा हिग्जच्या जोड्याही मोजल्या.

ही युक्ती एकट्या हिग्जला शोभते. त्याचं वस्तुमान 125 जीईव्ही, टॉपच्या दुपटीहून, म्हणजे सुमारे 346 हून, बरंच खाली. जोडीला मात्र किमान 250 लागतात, आणि बहुतेक जोड्या 346 च्या पलीकडेच जन्मतात. तिथे टॉपला अनंत जड म्हणणं टिकत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी 18 वर्षं बहुतांशी तेच चाललं, आणि मी त्याला हलगर्जी म्हणणार नाही. दोन वलयांची संकलनं सोडवण्याची रीतच हाती नव्हती. 2016 मध्ये बोरोवका, हाइनरिख आणि सहकाऱ्यांनी सूत्रांचा नाद सोडून ती संगणकावर आकड्यांनीच काढली. 14 टीईव्ही ऊर्जेच्या टकरीसाठी उत्तर जुन्या अंदाजापेक्षा 14 टक्के उतरलं.

हिग्ज एकच असेल असंही नाही. टी. डी. ली यांनी 1973 मध्ये मांडलेल्या हिग्जच्या दुहेरी रचनेत हिग्ज पाच असतात. त्यांतल्या काही जोड्यांचा असाच पूर्ण हिशेब 2023 मध्ये आला, बाल्यो, म्यूलाइटनर आदींकडून. त्यांत श्पिरा पुन्हा होतेच. टॉपचं वस्तुमान कोणत्या व्याख्येने घ्यायचं, यावर हे आकडे बरेच हलतात.

या कामाची दुसरी शाखा जपानची. या शतकाच्या सुरुवातीला कानेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वलयात जड जादा हिग्ज फिरले तर हिग्जचं स्वतःशी असलेलं नातं जवळपास दुप्पट होऊ शकतं. 2019 मध्ये ब्राटेन यांच्यासह त्यांनी दोन वलयांपर्यंत मजल मारली. उद्या जोड्या अपेक्षेहून जास्त भरल्या, तर ते नव्या हिग्जमुळे की टॉपच्या वस्तुमानाच्या व्याख्येमुळे, हे ठरवायला दोन्ही दुरुस्त्या एकाच हिशेबात याव्या लागतील.