किल्लारीआधीचे एक वर्ष

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी होती. औरंगाबादेतल्या आमच्या जुन्या वाड्यात मांडणीवरची भांडी वाजली आणि आईच्या हाकेने मी जागा झालो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीतून येऊन नुकताच आडवा झालो होतो. आमचे घर हलले, पण पडले नाही. तिकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवरची गावे मात्र त्याच क्षणी ढिगारा झाली.

आठवड्याभराने विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर घोंगड्या वाटायला गेलो. पाल टाकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "गेल्या सालीबी हलली व्हती की रं भुई. तवाच कुणी कसं सांगितलं न्हाई?" पुढे आयुष्यभर मी इतिहास शिकवला, पण या प्रश्नाचे उत्तर देताना अजूनही अडखळतो.

म्हातारीचे म्हणणे खरे होते. किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. त्यांतला मोठा धक्का १८ ऑक्टोबर १९९२चा, चारच्या वर तीव्रतेचा. लोक घाबरून उघड्यावर झोपू लागले. पुढे धक्के विरळ झाले, थंडी आली, सुगी आली आणि माणसे पुन्हा घरात झोपू लागली. त्यानंतर वर्षाच्या आत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत सुमारे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत आहे.

मग १९९२चे धक्के ही पूर्वसूचना नव्हती का? आज होती असे म्हणता येते, आणि खरी अडचण याच 'आज'मध्ये आहे. लहान धक्का हा मोठ्याचा पूर्वधक्का होता, हे मोठा धक्का बसल्यावरच ठरते. कॅलिफोर्नियातील नोंदी सांगतात की शंभर धक्क्यांपैकी साधारण पाचांनंतरच काही दिवसांत त्याहून मोठा धक्का येतो. उरलेले विझून जातात. १९९२ साली धक्के मोजणाऱ्यापुढे हे दोन्ही शेवट सारखेच शक्य होते. शिवाय तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा जुन्या नोंदींवर बेतलेला, आणि इथल्या जमिनीची नोंदच तोकडी. नोंद नाही म्हणजे घटना नाही, ही चूक आम्ही इतिहासवालेही करतो.

लक्षणांवरून भाकीत करण्याची ओढ मात्र फार जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे. समुद्रातले महाकाय प्राणी, पृथ्वी पेलून थकलेले दिग्गज, एकमेकांवर आदळणारे वारे अशी कारणे सांगणारी मते त्यात आहेत, आणि सात दिवस आधी दिसणारी चिन्हेही. आपण दिग्गज सोडले आणि त्यांच्या जागी विहिरीचे पाणी, रेडॉन वायू, भुंकणारी कुत्री आणली.

चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हाइचेंगला मोठा भूकंप झाला. त्याआधी लोकांना घराबाहेर काढले होते आणि असंख्य जीव वाचले. प्राण्यांच्या वागण्याच्या कथा गाजल्या, पण निर्णयाला खरा आधार होता आदल्या दिवसापासून वाढत गेलेल्या धक्क्यांचा. दीड वर्षाने, २८ जुलै १९७६ला तांगशान असा कोणताही स्पष्ट इशारा न देता कोसळले. अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजारांवर माणसे गेली. कॅलिफोर्नियातील पार्कफिल्डला भूकंप ठरावीक अंतराने होतात म्हणून पुढचा १९९३ पर्यंत येईल, असे शास्त्रज्ञांनी मांडले होते आणि जमिनीत उपकरणांचे जाळे विणले होते. तो आला २००४ साली, कोणतीही ठळक खूण न दाखवता.

आपल्या कोयनेची गोष्ट थोडी वेगळी. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर तिथे जलाशय आणि धक्के यांचे नाते दशकानुदशके अभ्यासले गेले. मे २००६ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी छोट्या धक्क्यांच्या रचनेवरून पंधरवड्यात चार तीव्रतेचा धक्का येईल असे नोंदवले. पाच दिवसांनी, २१ मेला ४.२चा धक्का आलाही. पण हे एका लहानशा, सतत हलणाऱ्या, यंत्रांनी वेढलेल्या भूभागापुरते. किल्लारीला ना असे जाळे होते, ना सतत हलण्याची सवय.

तेव्हा म्हातारीला प्रामाणिक उत्तर असे: दिवस आणि वेळ कोणालाच सांगता आली नसती. पण एवढ्यावर थांबलो तर तो पळपुटेपणा होईल. धक्क्यांनी वर्षभर एवढे तरी सांगितलेच होते की ही जमीन निर्धोक नाही. आणि माणसे मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या भिंती, आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, वर मणामणांच्या मातीचे माळवद. जिथे माळवद लाकडी खांब-तुळयांवर होते, तिथे काही घरांत भिंती ढासळल्या तरी वरचे ओझे खांबांनी धरून ठेवले. मुहूर्त कळला नसता, पण भिंत तपासता आली असती. किल्लारी नकाशात तिसऱ्या पट्ट्यात गेली ती २००२ साली.

२१ मार्च २०२४ला हिंगोलीचे धक्के बसले. त्यांतला मोठा ४.५चा. संध्याकाळपर्यंत 'आज रात्री मोठा भूकंप' असा निरोप मोबाइलवर फिरू लागला. आईने विचारले, "अंगणात झोपायचं का रे?" मी म्हणालो, "निरोप खोटा आहे. असं कुणाला सांगता येत नाही." ती वर बघत म्हणाली, "आणि हे माळवद?"

दर उन्हाळ्यात गळती थांबावी म्हणून त्यावर मातीचा नवा थर टाकायचा, ही आमच्या घराची रीत. किती वर्षांचे थर साचले होते, कुणी मोजले नव्हते. त्या रात्री आम्ही अंगणात झोपलो. पुढच्याच आठवड्यात गवंडी बोलावला आणि माती उतरवायला सुरुवात केली. १० जुलैला हिंगोलीकडची जमीन पुन्हा हलली, मांडणीवरची भांडी पुन्हा वाजली. तोवर डोक्यावरचे ओझे बरेच हलके झाले होते.