पट्टा ज्याचा, गाव त्याचे

लंडनमधील जुन्या मजूर वस्त्यांत सुशिक्षित, पगारदार कुटुंबे राहावयास आली. घरांची डागडुजी झाली, भाडी चढली आणि पूर्वीचे भाडेकरू हळूहळू दिसेनासे झाले. रूथ ग्लास या विदुषीने १९६४ साली या घडामोडीस ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. वस्ती सुधारते, परंतु ज्यांची ती होती त्यांना त्या सुधारणेत जागा उरत नाही, हा त्या शब्दाचा आशय. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने हाच अनुभव घेतला. मात्र हे केवळ महानगरांतच घडते असे नव्हे. आदिलाबादच्या रानात ते कितीतरी आधी घडून गेले होते.

आज तेलंगणात असलेला हा जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. किनवट व राजुरा हे तालुकेही १९५६ पर्यंत त्यातच मोडत. येथील डोंगराळ भागात गोंडांची वस्ती होती. काही वर्षे जमीन कसावी, मग ती पडीक ठेवून दुसरीकडे नांगर धरावा, ही त्यांची रीत. पडीक जमीनही गावाचीच, हे सर्वांस ठाऊक असे. म्हणून ते कागदावर लिहून ठेवण्याची गरज कोणास भासली नाही.

पुढे रस्ते झाले. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाला. कापसाच्या काळ्या जमिनीला मोल आले. मराठी व तेलुगू मुलखांतून शेतकरी, व्यापारी, सावकार येऊ लागले. त्यांतील पुष्कळजण कष्टाळू होते, काही तर स्वतःच गरजू होते. पण त्यांना अर्ज करता येत असे आणि पटवाऱ्याशी बोलता येत असे. पट्टा त्यांच्या नावे झाला, आणि गोंड आपल्याच शेतावर कूळ ठरला. तो मागे सरून रानात गेला, तर ते रान सरकारने राखीव केले होते. या कोंडीतून कुमरम भीम यांचा लढा उभा राहिला. १९४० साली जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. त्यांच्या प्रयत्नाने सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. १९४३ साली मार्लवाई येथे गोंडांसाठी शाळा निघाली. तेथील गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापलेली होती. ज्या कागदाने जमीन गेली, तो कागद वाचावयास शिकणे हाच तिच्या रक्षणाचा उपाय होता.

परंतु पट्टा मिळणे वेगळे आणि टिकणे वेगळे. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम १९६३ साली तेलंगणास लागू झाला; १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासींमधील आपसांतील व्यवहारही वर्ज्य ठरले. तरी कर्जापोटी आणि तोंडी करारांनी जमिनी जातच राहिल्या. हायमेनडॉर्फ १९७० नंतरच्या दशकात पुन्हा आले, तेव्हा उटनूरसारख्या गावांचे त्यांना बाजारपेठांत रूपांतर झालेले दिसले. दुकाने व पक्की घरे बहुतांशी बाहेरून आलेल्यांची होती. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारच तेरा माणसे मरण पावली.

लंडनमध्ये भाडे, आदिलाबादेत पट्टा. साधन निराळे, परिणाम एकच. रस्ता, शाळा, बाजार या गोष्टी वाईट नव्हेत, आणि नवा येणारा प्रत्येकजण लुटारूही नव्हे. परंतु रस्ता येण्यापूर्वी जमिनीवरील जुन्या माणसाचा हक्क पक्का झाला नाही, तर त्याच रस्त्याने त्याला गाव सोडून जावे लागते. एखादे गाव सुधारले असे म्हणताना, तेथील पूर्वीचे लोक आज कोठे आहेत, एवढे तरी विचारले पाहिजे.