वऱ्हाडातील कपाशीचे तास

वऱ्हाडातील कापूसशेतीचा इतिहास बहुधा अमेरिकेतील यादवी युद्धापासून (१८६१-६५) व १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गापासून सांगितला जातो. तो प्रामुख्याने बाजाराचा इतिहास होय. अमरावती-अकोल्याकडील कास्तकाराची बोली शेताची साक्ष देते. तीन फणांची ती तिफण. तिच्या पेरणीची ओळ तो तास. दोन तासांमधून बैलांनी ओढावयाचा तो डवरा. सरकी शेणमातीत चोळून पेरीत. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचा एक तास येई. कपाशीचा भाव परदेशांतील मागणीवर हाले. तुरीचा तास घरच्या ताटासाठी असे. निर्यातीच्या तक्त्यांत हा तास उमटत नाही. म्हणूनच इतिहासकाराने शेतीच्या शब्दांकडेही पुरावा म्हणून पाहणे अगत्याचे आहे.