एका पेनीची कॉफी

गिऱ्हाइकाला नावाने ओळखावे आणि धंद्यात दुसऱ्याचा पैसा लावावा, या दोन युक्त्या हल्लीच्या कॉफीवाल्यांनी शोधून काढल्या, असा एक समज आहे. पेल्यावर आपले नाव लिहून मिळाले म्हणून आमच्या शाखेतली तरुण मंडळी तो रिकामा पेला दिवसभर टेबलावर मिरवतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. जुनी खातेवही उघडून पाहिली, तर दोन्ही नोंदी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या निघाल्या.

लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ च्या सुमारास कॉर्नहिलच्या एका बोळात निघाले. चालवणारा पास्क्वा रोझे हा डॅनिएल एडवर्ड्स या व्यापाऱ्याचा नोकर. स्मर्नाहून परतलेल्या एडवर्ड्ससाहेबांना कॉफीची सवय, आणि ती प्यायला घरी इतके स्नेही जमू लागले की साहेबांना काम सुचेना. आपल्याकडे अशा वेळी आतून "साखर संपली हो!" असा आवाज येतो. साहेबांनी नोकराला दुकानच काढून दिले. म्हणजे पहिल्याच दुकानाला गुंतवणूकदार होता!

मग दुकाने वाढली. कॉफी सगळीकडे सारखीच, म्हणजे सारखीच वाईट. त्या काळचे लोक तिला काजळीची उपमा देत. तेव्हा चढाओढ करायची ती सेवेवर. विल्सच्या दुकानात कवी ड्रायडन यांची खुर्ची हिवाळ्यात शेकोटीजवळ आणि उन्हाळ्यात सज्जात ठेवलेली असे. एडवर्ड लॉइडकडे येणारी मंडळी जहाजवाली. त्याने त्यांना कॉफीबरोबर बंदरांच्या बातम्या पुरवल्या, १६९६ साली तर स्वतःचे बातमीपत्रच काढले. त्या टेबलांवर जहाजांचे विमे उतरू लागले. त्यातूनच पुढे लॉइड्सचा जगप्रसिद्ध विमाबाजार उभा राहिला. तिथल्या गणवेशधारी सेवकांना अजूनही 'वेटर'च म्हणतात.

या सगळ्यात खरी मौज त्या एका पेनीची. पेनी टाकली की कोणीही बसावे, सरदाराशेजारी शिंपी. (बायकांना मात्र गिऱ्हाईक म्हणून बहुतेक ठिकाणी मज्जावच.) सगळे एकत्र बसले की राज्यकारभारावर बोलणारच. म्हणून १६७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. असा काही गहजब झाला की अंमल सुरू होण्याआधीच ते मागे घ्यावे लागले.

राजाला जे जमले नाही, ते पैशाला जमले. एक्स्चेंज ॲलीतल्या जोनाथन्समध्ये शेअरदलाल बसत. तिथून १६९८ साली जॉन कॅस्टेंग भावांची यादी काढू लागला. १७२० साली साउथ सी कंपनीचा शेअर जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास होता, तो उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्षअखेर जवळजवळ होता तिथे येऊन बसला. न्यूटनचेही पैसे बुडाले. वर गेलेली वस्तू खाली येते, हे ज्याने जगाला शिकवले त्याचीच ही गत! मग आमच्या काउंटरवर म्युच्युअल फंडाचा फॉर्म भरणाऱ्यांना काय बोलावे?

१७६१ साली दीडशे दलालांनी वर्गणी काढून जोनाथन्स स्वतःपुरते भाड्याने घेतले. बाहेर काढलेल्या एकाने कोर्टात दावा लावला आणि तो जिंकलासुद्धा. पण दलालच ते! १७७३ साली त्यांनी स्वतःची इमारत उभारली, दारावर 'स्टॉक एक्स्चेंज' अशी अक्षरे घातली आणि आत यायला रोजचे सहा पेन्स लावले. शिंपी बाहेरच राहिला.

आपल्या मुंबईचे दलाल अठराशे पन्नासच्या दशकात टाउन हॉलसमोर वडाखाली जमत. १८७५ साली त्यांनी रीतसर संघटना केली. वडाने कोणाकडे पेनी मागितल्याची नोंद नाही. त्याच आवारात, हॉर्निमन सर्कलला, २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठ्या कॉफी कंपनीचे टाटांच्या भागीदारीतले भारतातले पहिले दुकान उघडले. वडाखालून निघालेला बाजार कॉफीपर्यंत पोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. लंडनने हाच प्रवास उलट दिशेने केला.

तेव्हा पेल्यावरच्या नावाचे कौतुक जरूर करावे. मात्र कॉफीचे दुकान खरोखर मोठे झाले की नाही, हे मी भांडवलावरून ठरवत नाही. शेजारच्या खुर्चीवर शिंपी बसला आहे का, एवढेच पाहतो. आमच्या नाक्यावरच्या उडप्याकडे तो अजून बसतो, आणि माझ्या कपातली अर्धी कॉफी बशीत ओतून घेत राज्यकारभारावर बोलतो.