भेगाळलेल्या निळीची कुळकथा

पश्चिम आफ्रिकेचं म्हणून जगभर ओळखलं जाणारं भडक रंगांचं ‘वॅक्स प्रिंट’ मुळात आफ्रिकेसाठी नव्हतंच. ते हॉलंडमध्ये तयार झालं, तेही जावाच्या बाजारासाठी.

जावातल्या बायका तांब्याच्या बारीक तोटीतून वितळलेलं मेण कापडावर सोडत आणि मग ते रंगात बुडवत. एकेका बाटिकला आठवडेच्या आठवडे लागत. हे काम यंत्रावर स्वस्तात करावं, असं डच कारखानदारांनी ठरवलं. १८४६ मध्ये हेल्मंड गावात आज ‘व्लिस्को’ म्हणून ओळखला जाणारा कारखाना निघाला. पुढच्या दशकात हार्लेमच्या प्रेव्हिनेर यांच्याकडे कापडाच्या दोन्ही अंगांना राळ लावणारं यंत्र आलं. पण राळ तडके. नीळ त्या भेगांत शिरे आणि नक्षीवर केसासारख्या निळ्या रेषा उमटत. जावातल्या जाणत्या गिऱ्हाइकाला हा सरळ सरळ दोष वाटला.

गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, गिऱ्हाइकांना तोच दोष आवडला. दोन वार कधी हुबेहूब सारखे निघत नाहीत, यातच त्यांना गंमत वाटली. डचांनी १८३१ ते १८७२ या काळात सुमारे ३,००० आफ्रिकी सैनिक भरती करून जावा-सुमात्राकडे नेले होते. परतताना त्यांनी बाटिक आणलं आणि त्याची आवड लावली, असं सांगतात. तेवढ्यानं पटत नाही. गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या विकलं जात होतं. गिऱ्हाईक आधीपासूनच पारखी होतं. १८९० च्या दशकात एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग या स्कॉटिश व्यापाऱ्यानं हार्लेमचा माल तिथे उतरवला आणि त्याचा जम बसला.

पुढची सूत्रं बायकांच्या हाती गेली. कारखान्याकडून नक्षीला नुसता क्रमांक मिळे. नाव पडे ते बाजारात. टोगोच्या लोमे शहरातल्या ठोक व्यापारी बायका तर इतक्या श्रीमंत झाल्या की, त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून त्यांना ‘नाना बेन्झ’ म्हणू लागले.

याच कापडाला पुढे कलेचं साधन केलं ते यिंका शोनिबारे या कलाकारानं. तो १९६२ मध्ये लंडनला जन्मला, लागोसला वाढला आणि कला शिकायला पुन्हा लंडनला आला. तिथे तो सोव्हिएत रशियातल्या पेरेस्त्रोइका या राजकीय सुधारणांवर काम करत होता. तू अस्सल आफ्रिकी कला का करत नाहीस, असं एका शिक्षकानं विचारलं. उत्तर शोधत तो ब्रिक्स्टनच्या बाजारात गेला आणि तिथल्या ‘आफ्रिकी’ कापडाचं कूळ त्याला कळलं. दोन शहरांत घडलेल्या माणसाला याहून नेमकं साधन मिळालं नसतं.

त्याच्या ‘स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका’ (२००३) या कलाकृतीत मुंडकी नसलेले चौदा पुतळे टेबलाभोवती बसले आहेत. टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, त्याचा हा देखावा. कोट-पाटलोणींची बेतणी थेट व्हिक्टोरियन आहे, पण कापड मात्र वॅक्स प्रिंटचं. लुटणाऱ्यांच्या अंगावर त्यांच्याच व्यापाराचा माल चढवण्याची ही कल्पना जबरदस्त आहे.

‘द ब्रिटिश लायब्ररी’ (२०१४) मध्ये त्यानं ६,३२८ पुस्तकांना याच कापडाची वेष्टनं घातली. पुष्कळ पुस्तकांच्या कण्यावर ब्रिटनमध्ये स्थलांतर करून आलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. स्थलांतराला विरोध करणाऱ्यांचीही काही नावं त्याच फळ्यांवर आहेत, त्याच कापडात बांधलेली.