चित्र जपण्याची विद्या

अजिंठ्याला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. गुरुजी मंडळी तर सहलीची मुले घेऊन दोन-तीनदा गेली असतील. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून बाहेर आल्यावर एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, चित्रं एवढी पिवळी का हो दिसतात?" आपण सांगतो, "अरे, दीड हजार वर्षांची आहेत ती. काळानं पिवळी पडली." हे उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. त्या पिवळेपणातला बराचसा भाग गेल्या दीडशे वर्षांतला आहे, आणि तो चित्रांच्या वैऱ्यांनी नव्हे, त्यांच्यावर जीव लावणाऱ्या माणसांनी आणलेला आहे.

आधी ही भिंत कशी केली होती ते पाहू. तुम्हांला ते समजायला वेळ लागणार नाही, कारण ही आपल्याच घरच्या लिंपणाची रीत आहे. काळा पाषाण मुद्दाम खडबडीत ठेवला. त्यावर भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवलेल्या चिखलाचा गिलावा दिला. वर चुन्याचा पातळ हात फिरवला. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे रंग चिकट द्रवात कालवून लावले. निळा रंग मात्र लाजवर्दी दगडाचा. तो दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची पद्धत वेगळी, आणि ही वेगळी. इथे रंग सुक्या भिंतीवर नुसता चिकटून बसलेला आहे. ओले फडके फिरवाल तर चित्रच फडक्यावर येईल! शिवाय तूस म्हटले की कीटक आले, आणि डोंगरातून झिरपणारे पाणी तर दर पावसाळ्याचे.

१८१९ साली मद्रास सैन्यातल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव कोरून ठेवले. तेव्हापासून पाहुणे सुरू झाले. कोणी संग्रहालयासाठी चित्राचे तुकडे खरवडून काढू लागले, आणि त्यातले काही हातातच भुगा झाले.

मग आले नकला करणारे. मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक १८४४ साली झाली. त्यांनी कित्येक वर्षे अजिंठ्यात काढून मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येथे राबले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. योगायोग म्हणायचा की दुर्दैव, काय म्हणावे!

पण प्रतिकृतींपेक्षा मूळ चित्रांचे काय झाले ते ऐका. लेण्यात अंधार, भिंतीवर काजळी आणि धूळ. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. त्या दिवशी रंग झळकले असतील, यात शंका नाही. पुढे तेच व्हार्निश पिवळे पडले, धूळ धरून बसले. १९२० ते २२ या काळात निजाम सरकारने इटलीहून सेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे जाणकार बोलावले. पडायला आलेला गिलावा त्यांनी धरून ठेवला. हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनीही वरून चपडा लाखेचा थर दिला. तुमच्या गावचा सुतार कपाटाला जे पॉलिश करतो ना, त्यातली हीच लाख. कपाटाला ती शोभते. अजिंठ्याच्या भिंतीवर मात्र ती तपकिरी झाली आणि पांढऱ्या व निळ्या रंगांवर झापड आली.

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. त्यांचे रसायनतज्ज्ञ हे जुने थर उतरवतात ते कसे? आधी एका कोपऱ्यावर द्रावण तपासून पाहायचे. मग काडीला कापूस गुंडाळून, तो द्रावणात भिजवून, इंचाइंचाने पुढे सरकायचे. व्हार्निश निघाले पाहिजे, रंग हलता कामा नये. जिथे रंग गेला आहे तिथे नवा डोळा, नवे बोट काढायचे नाही. हा संयम फार कठीण आहे, आणि खरी विद्या मला तिथेच दिसते.

आता यात इतिहासाचा काय संबंध? सोळाव्या लेण्यातले एक चित्र घ्या. मान टाकलेली एक स्त्री, भोवती दासी. ग्रिफिथ्सच्या काळापासून लोक तिला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणत. पण त्याच चित्रात एक माणूस हातात मुकुट घेऊन उभा आहे. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घरी आला आणि त्याची पत्नी सुंदरी कोसळली, ही कथा ज्यांनी वाचली होती त्यांना तो मुकुट पाहताच उलगडा झाला. बाई मरत नाही हो, तिचा संसार मोडला आहे! साफसफाईत तो मुकुट पुसला गेला असता, किंवा कोणी हौसेने त्या जागी फुलांची परडी रंगवली असती, तर सुंदरी कायमची हरवली असती. म्हणून कथा वाचणारा आणि कापूस धरणारा या दोघांनी एकमेकांची विद्या थोडी तरी शिकायला हवी.

तशी सोय आपल्या देशात झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ साली अभिमत विद्यापीठ झाली, आणि तिथे कलेचा इतिहास, संवर्धन व संग्रहालयशास्त्र हे तिन्ही विषय एम. ए. ला शेजारी शेजारी बसले. आमच्याकडे पालक लगेच विचारतात, "पुढे नोकरी काय?" प्रश्न रास्त आहे. जागा थोड्या आहेत. पण काम मात्र अपुऱ्या माणसांमुळे अडून आहे, आणि तेही नुसते अजिंठ्यात नव्हे.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात भिंतीवर चित्रे आहेत. अशी लहानमोठी चित्रे आपल्याकडच्या इतर जुन्या वाड्यांत आणि देवळांतही सापडतात. त्यांच्या दाराशी पहारा नाही, तिकीट नाही. यात्रा जवळ आली की वर्गणी जमते, ऑइल पेंटचे डबे येतात आणि एका दुपारी सगळे झाकून जाते. लोकांची भक्तीच असते ती, त्यांना दोष कसा देणार?

तुमच्या गावात असे चित्र असेल तर त्याला पाणी लावू नका, तेल लावू नका, खडूने रेषा ठळक करू नका. वरच्या वर्गातल्या मुलांकडून त्याची मोजमापे लांबूनच लिहून घ्या, फ्लॅश न वापरता छायाचित्रे काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र घाला. गिलावा कोठे फुगला आहे आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते, एवढे त्या पत्रात जरूर लिहा. चित्र कोणत्या कथेचे आहे ते नंतर कळवले तरी चालेल.